फॅक्स सर्व्हरची यूजर लिस्ट हाताने लिहिणं बंद करा: डिरेक्टरीच्या ग्रुपवरून आपोआप सिंक कसं लावायचं

"अजून फॅक्स चालतं?" हा प्रश्न मला दर गणपतीत दांडिया बाजारला मामांकडे आरतीला गेलं की कुणीतरी विचारतंच, म्हणून आधी त्याचं उत्तर देऊन टाकते. आमचं ऑफिस अलकापुरीत, काम अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या बिलिंगचं, आणि तिकडचे दवाखाने, लॅब, इन्शुरन्सवाले अजूनही कागद फॅक्सवर मागतात आणि फॅक्सवरच पाठवतात, त्यामुळे इथे बडोद्यात लोक जेवून झोपायच्या तयारीला लागले की आमच्या लाईनी चालू होतात. तीन टीम, मिळून ७०-एक माणसं, आणि दर महिन्याला तीन-चार नवीन येणार, तेवढेच सोडून जाणार.

नवीन माणूस आला की एचआरवाली ताई डोमेनमध्ये (ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची एकत्र लॉगिन व्यवस्था) त्याचं अकाउंट बनवते, टीमच्या ग्रुपमध्ये टाकते, की मेल चालू, शेअर फोल्डर चालू, प्रिंटर चालू. फॅक्स मात्र नाही, कारण फॅक्स सर्व्हरची लिस्ट वेगळी आणि ती मी हाताने लिहायची. आता गंमत बघा, नवीन आलेला माणूस स्वतःच ओरडतो, "बेन, फॅक्स जतो नथी", म्हणून त्याचं नाव त्याच दिवशी चढतं. सोडून गेलेला माणूस कशाला ओरडेल? त्याचं नाव तसंच पडून राहतं. मी एकदा फॅक्सची लिस्ट आणि एचआरची लिस्ट शेजारी शेजारी ठेवून बघितली तर ११ नावं अशी निघाली जी ऑफिसात नव्हतीच, त्यातला एक तर कॅनडाला जाऊन दोन वर्षं झालेली. आणि आमच्याकडून जातात ते लोकांच्या आजारांचे कागद. अमेरिकेचा हिपा नावाचा १९९६ चा कायदा आहे, त्याच्या सिक्युरिटी रूलमध्ये माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा ॲक्सेस काढायची ठरलेली पद्धत हवी असं सरळ म्हटलंय, आणि क्लायंटचा ऑडिटवाला पहिलं तेच विचारतो.

तर हे सिंक, म्हणजे फॅक्सची लिस्ट डोमेनच्या ग्रुपशी आपोआप जुळवणं, लावायचं ते नावं चढवण्यासाठी नाही, उतरवण्यासाठी. हे डोक्यात ठेवलंत की पुढे कुठल्या पायरीला जास्त जपायचं ते आपोआप कळेल, कारण चढवताना चूक झाली तर एक माणूस अडतो, उतरवताना झाली तर अख्खं ऑफिस.

मी हे हायलाफॅक्स आणि विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर (डोमेनमधली अकाउंट आणि ग्रुप जिथे नोंदलेले असतात ती) केलंय, म्हणून उदाहरणं त्यातलीच आहेत. हायलाफॅक्स म्हणजे लिनक्सवर चालणारा फुकटचा फॅक्स सर्व्हर, सॅम लेफलर नावाच्या माणसाने सिलिकॉन ग्राफिक्समध्ये असताना बनवलेला, आधी त्याचं नाव फ्लेक्सफॅक्स होतं. विंडोजवरचे विकत मिळणारे फॅक्स सर्व्हर असतील तर बहुतेकांत डिरेक्टरी जोडायचं पान सेटिंगमध्येच असतं, तुम्हाला स्क्रिप्ट लिहावी लागणार नाही, पण ग्रुप, सर्व्हिस अकाउंट (माणसाचं नाही, स्क्रिप्टचं अकाउंट) आणि रिकाम्या लिस्टचं जे खाली लिहिलंय ते तुम्हालाही लागू आहे. एक आधीच सांगते, कमांडची आणि फाईलची नावं मी बोलते तशी लिहिलीयेत, टाईप करताना ती इंग्रजीत, बहुतेक सगळी स्मॉल अक्षरांत आणि आकडे पण इंग्रजीच.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघा

हायलाफॅक्समध्ये माणसांची लिस्ट होस्ट्स डॉट एचफॅक्सडी नावाच्या फाईलमध्ये असते, स्पूल फोल्डरच्या ईटीसीमध्ये. एका ओळीत एक माणूस, मध्ये कोलन: कोण आणि कुठून, मग नंबर, मग पासवर्ड, मग हवा असेल तर ॲडमिनचा पासवर्ड. पासवर्ड एन्क्रिप्ट करून ठेवलेले असतात. ह्या फाईलची परमिशन ६०० च (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी आणि मालक फॅक्सचा यूजर हवा, नाहीतर सर्व्हर कुणालाच आत घेत नाही. नवीन लोक ही फाईल रूट (लिनक्सचा सगळे अधिकार असलेला यूजर) म्हणून एडिटरमध्ये उघडतात, सेव्ह करताना मालक किंवा परमिशन बदलून जाते आणि मग तासभर मोडेमला शिव्या घालत बसतात. क्लायंट ४५५९ नंबरच्या पोर्टवर बोलतात, ते फायरवॉलमध्ये फक्त आतल्या नेटवर्कला उघडं ठेवा.

काही करायच्या आधी ह्या फाईलची एक कॉपी तारीख घालून बाजूला ठेवा. मग प्रत्येक ओळीपुढे कागदावर लिहा की हा माणूस आहे की मशीन. आमच्याकडे तीन ओळी मशीनच्या निघाल्या: लोकलहोस्टची (म्हणजे तो सर्व्हर स्वतःच), मजल्यावरच्या मोठ्या झेरॉक्स मशीनची, आणि एका जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरची जी रात्री आपोआप फॅक्स टाकते. डिरेक्टरीत ह्यांची नावं असणारच नाहीत, त्यामुळे स्क्रिप्टला ते सोडून गेलेले कर्मचारीच वाटणार. म्हणून नियम असा ठेवा की स्क्रिप्टने फक्त कागदावर माणूस म्हणून लिहिलेली आणि स्वतः चढवलेली नावंच उतरवायची, आणि ती कोणती ते ती एका वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवते. त्या फाईलला मी 'आपली माणसं' म्हणते, पुढे पण तेच म्हणेन.

डिरेक्टरीत फॅक्ससाठी वेगळा ग्रुप बनवा

टीमचे ग्रुप आधीच आहेत, मग तेच का नको वापरायला? मी पण आधी तेच केलं. पण टीममध्ये ट्रेनी असतात ज्यांना पहिले तीन महिने बाहेर कागद पाठवायची परवानगी नसते, आणि अकाउंट्सचे एक काका आहेत जे कुठल्याच टीममध्ये नाहीत पण फॅक्स त्यांना लागतोच. म्हणून एक वेगळा सिक्युरिटी ग्रुप करा, नावातच कळेल असा, फॅक्स-पाठवणारे वगैरे (नाव इंग्रजीत ठेवा आणि त्यात कॉमा, कंस असलं काही नको, फिल्टरमध्ये, म्हणजे शोधाच्या अटीत, त्रास देतात). ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहून टाका की ह्यातून नाव काढलं की फॅक्स बंद होतो, नाहीतर साफसफाईच्या मूडमध्ये कुणीतरी रिकामा करेल.

डोमेन यूजर्स हा सगळ्यांचा ग्रुप वापरायचा मोह होईल. चालणार नाही, कारण तो प्रायमरी ग्रुप असतो आणि प्रायमरी ग्रुप माणसाच्या मेंबरऑफ मध्ये (तो कुठल्या ग्रुपांत आहे त्याची यादी) दिसत नाही, शोधलं तर जवळपास कुणीच मिळत नाही आणि तुम्ही डोकं खाजवत बसता.

ग्रुपच्या आत ग्रुप टाकायचा असेल तर साधा मेंबरऑफ फिल्टर आतल्या ग्रुपची माणसं देत नाही. त्यासाठी मेंबरऑफ च्या पुढे कोलन देऊन १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ हा लांबलचक नंबर टाकावा लागतो, मग ॲक्टिव्ह डिरेक्टरी साखळी धरून आतपर्यंत जाते. चालतं व्यवस्थित, पण पहिल्यांदा करताय तर ग्रुप सपाटच ठेवा.

सर्व्हिस अकाउंट

डिरेक्टरीत शोधण्यासाठी लॉगिन लागतं. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचं अकाउंट अजिबात वापरू नका, साधा डोमेन यूजर पुरतो, कारण ग्रुप आणि नावं वाचायची परवानगी साध्या यूजरला असतेच. पासवर्ड लांब ठेवा, तो एका फाईलमध्ये घाला, फाईलची परमिशन ६००.

इथे एक बारीक खड्डा आहे. एलडॅपसर्चला (डिरेक्टरीत शोधायची लिनक्सची कमांड; एलडॅप म्हणजे डिरेक्टरीशी बोलायची भाषा) वाय हा फ्लॅग देऊन पासवर्डची फाईल दाखवता येते, पण तो फाईलमधलं सगळंच्या सगळं पासवर्ड म्हणून वाचतो, शेवटची एंटर सुद्धा. एडिटरने सेव्ह केलेल्या फाईलच्या शेवटी एंटर असतेच, मग पासवर्ड बरोबर असून चूक म्हणतो. प्रिंटएफ कमांडने फाईल बनवा, ते एंटर टाकत नाही.

आणि ह्या अकाउंटचा पासवर्ड कधी संपतो ते आत्ताच बघून घ्या. कुणी बदललं नसेल तर विंडोज डोमेनमध्ये पासवर्ड ४२ दिवसांनी संपतो. ह्या ४२ आकड्याने माझं काय केलं ते खाली येईलच. एकतर ह्या अकाउंटला पासवर्ड न संपण्याची खूण करा आणि वर्षातून ठरवून एकदा बदला, किंवा कॅलेंडरमध्ये आठवण लावा.

जोडणी तपासा

३८९ पोर्टवर साधं जोडलंत तर पासवर्ड तारेवरून उघडा जातो, आणि बरेच डोमेन कंट्रोलर (डिरेक्टरी ठेवणारे सर्व्हर) आता ते नाकारतात पण. ६३६ वर एलडॅप्स (एलडॅपच, पण एन्क्रिप्ट केलेलं) वापरा. त्यासाठी तुमच्या डोमेनच्या सर्टिफिकेट ऑथॉरिटीचं सर्टिफिकेट फॅक्स सर्व्हरवर आणून एलडॅपच्या कॉन्फिगमध्ये त्याचा पत्ता द्यावा लागतो. सर्व्हरचं पूर्ण नाव लिहा, आयपी नको, कारण सर्टिफिकेटवर नाव असतं आणि ते जुळलं नाही तर जोडणी तुटते. नेटवर बघून सर्टिफिकेट तपासणीच बंद करायची ओळ लोक सर्रास टाकतात, लगेच चालू होतं ने, म्हणून. नका टाकू. मग समोर खरा डोमेन कंट्रोलर आहे की दुसरंच कुणी, हे तुमच्या सर्व्हरला कळायचा मार्गच राहत नाही.

माणसं शोधा

आता खरा शोध. फिल्टरमध्ये चार गोष्टी एकत्र हव्यात: तो माणूस असावा, यूजर असावा, त्याच्या मेंबरऑफ मध्ये आपल्या ग्रुपचा पूर्ण पत्ता असावा, आणि अकाउंट बंद केलेलं नसावं. शेवटचं लोक विसरतात. बऱ्याच ऑफिसात माणूस गेला की एचआर अकाउंट डिसेबल करते पण ग्रुपमधून काढत नाही, मग ग्रुपप्रमाणे तो अजून आहेच. डिसेबल ओळखायला यूजर अकाउंट कंट्रोल नावाचा आकडा असतो, त्यातली २ ची बिट लागलेली असली की अकाउंट बंद, आणि ती तपासायचा नंबर १.२.८४०.११३५५६.१.४.८०३, पुढे बरोबर दोन, आणि सगळ्याच्या आधी नाही अर्थाचं उद्गारचिन्ह. हे घातलंत की एचआरने नुसतं डिसेबल केलं तरी फॅक्स बंद.

मागवायचं काय? सॅम अकाउंट नेम म्हणजे लॉगिनचं नाव, मेल, आणि ऑब्जेक्ट जीयूआयडी (प्रत्येक अकाउंटचा कायमचा ओळख नंबर). जीयूआयडी कशाला, तर आमच्याकडे मुली लग्न झालं की आडनाव बदलतात, लॉगिन बदलतं, आणि स्क्रिप्टला दिसतं एक माणूस गेला आणि एक नवीन आला. जीयूआयडी बदलत नाही. मी सिंक नावावरच ठेवलंय, सोपं पडतं, पण लॉगमध्ये नावाशेजारी जीयूआयडी लिहिते, म्हणजे दोन ओळी बघून लगेच कळतं की ही तीच आहे, अभिनंदन करा आणि नवीन फॅक्स पासवर्ड द्या.

उत्तर वाचताना तीन गोष्टी अडवतात. एक, ॲक्टिव्ह डिरेक्टरी एका वेळेला १००० च्या वर नावं देत नाही, मोठं ऑफिस असेल तर पानापानाने मागा, पीआर बरोबर ५०० असा ऑप्शन असतो. दोन, लांब ओळ तो मध्येच तोडून खालच्या ओळीत नेतो, ती तोडू नको असं सांगायचा एलडीआयएफ-रॅप हा ऑप्शन आहे, त्याला नो द्या. तीन, इंग्रजी सोडून काहीही असलं की नावापुढे एक कोलन ऐवजी दोन कोलन येतात आणि पुढे अगम्य अक्षरं. ते बिघडलेलं नसतं, बेस६४ मध्ये (काहीही साध्या इंग्रजी अक्षरांत बदलून लिहायची पद्धत) असतं. आमच्या एका साहेबांनी डिस्प्ले नेम हौसेने देवनागरीत करून घेतलंय, त्यांची ओळ बघून मी आधी घाबरले होते. जीयूआयडी तर नेहमीच असा येतो. लॉगिनची नावं इंग्रजीत असतात म्हणून आपलं काम अडत नाही.

आलेली नावं सगळी स्मॉल अक्षरांत करून घ्या, कारण विंडोजला कॅपिटल-स्मॉलचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो, आणि तोच माणूस दोनदा चढतो. मग सॉर्ट करा, दोन्ही लिस्ट एकाच पद्धतीने, कारण पुढची कॉम कमांड (दोन लिस्टमधला फरक काढणारी) सॉर्ट न केलेल्या लिस्टवर काहीही उत्तर देते.

उतरवण्याआधी थांबा

आता उत्तरायणाची, म्हणजे इकडच्या संक्रांतीची, गोष्ट. मी हे सगळं पहिल्यांदा लावलं डिसेंबरमध्ये, सर्व्हिस अकाउंट बनवलं ३ तारखेला. स्क्रिप्ट छोटीशी होती: एलडॅपसर्च, त्याला पाईप लावून (म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट पुढच्या कमांडला देऊन) ग्रेप, त्याला पाईप लावून सॉर्ट, आणि जे नाव उत्तरात नाही ते उतरव. महिनाभर मस्त चालली, मी पण खूश. १४ जानेवारीला संध्याकाळी मी घरी अगाशीवर, हातात फिरकी, खाली उंधियू गरम होतंय, आणि फोन. मग दुसरा फोन. मग टीम लीडचा, "ताई, कुणाचाच फॅक्स जात नाहीये, एकाचा पण नाही." अमेरिकेला थोडीच उत्तरायण असते.

३ डिसेंबरला ४२ दिवस मिळवा. १४ जानेवारी येते. पासवर्ड संपला, डिरेक्टरीने आत घेतलं नाही, एलडॅपसर्चने एरर देऊन हात वर केले, पण पाईपलाईनमध्ये शेलला दिसतो फक्त शेवटच्या कमांडचा निकाल, आणि शेवटची सॉर्ट तर खुशाल पास झाली, रिकामी लिस्ट सॉर्ट करून. स्क्रिप्टने बघितलं, ग्रुपमध्ये कुणीच नाही, म्हणजे सगळे नोकरी सोडून गेले. तिने इमानदारीत ६८ माणसं उतरवली. बॅकअपची फाईल होती म्हणून २० मिनिटांत परत चढवली, फोनवरून, फिरकी धाकट्या भावाच्या हातात देऊन.

त्यानंतर स्क्रिप्टमध्ये जे घातलं ते तुम्ही पहिल्या दिवसापासून घाला. एलडॅपसर्चला पाईप लावू नका, उत्तर आधी फाईलमध्ये घ्या, त्याचा एक्झिट कोड (कमांड पास झाली की नापास ते सांगणारा आकडा) बघा, शून्य नसेल तर तिथेच थांबा आणि मेल करा. बॅश वापरत असाल तर पाइपफेल (पाईपमधली कुठलीही कमांड फसली तरी कळवणारी सेटिंग) पण चालू ठेवा. एक्झिट कोड ४९ आला तर लॉगिनची भानगड, आणि मेसेजमध्ये डेटा शब्दापुढे जो छोटा कोड असतो तो वाचा: ५२ई म्हणजे पासवर्ड चूक, ५३२ म्हणजे पासवर्ड संपला (माझा!), ५३३ म्हणजे अकाउंट बंद केलेलं, ७७५ म्हणजे लॉक झालंय. कोड ३२ आला तर ज्या फोल्डरमध्ये शोधताय तोच तिथे नाही.

पण एवढ्याने भागत नाही, आणि हे मला नंतर कळलं. समजा कुणी डिरेक्टरी आवरताना तुमचा फॅक्सचा ग्रुप एका ओयूतून (डिरेक्टरीतला फोल्डर) दुसऱ्या ओयूत नेला. ग्रुपचा पूर्ण पत्ता बदलला. तुमच्या फिल्टरमध्ये जुना पत्ता आहे. लॉगिन बरोबर, शोध बरोबर, एक्झिट कोड शून्य, आणि माणसं पण शून्य. कुठेच एरर नाही! म्हणून दुसरी अट, लिस्ट रिकामी असेल तर काहीही करायचं नाही. आणि तिसरी, एका फेरीत पाचपेक्षा जास्त नावं उतरवायची वेळ आली तर स्क्रिप्टने हात न लावता फक्त मेल करायचा. पाच हा आकडा आमच्या ऑफिसचा, तुमच्याकडे एका आठवड्यात जास्तीत जास्त किती लोक जातात ते बघून ठरवा. खरंच सहा जण एका दिवशी गेले तर मी हाताने एक फ्लॅग देऊन चालवते. वर्षातून एकदा होतं, मार्चनंतर.

चढवा आणि उतरवा

कॉम कमांडने दोन याद्या काढा: ग्रुपमध्ये आहे पण 'आपली माणसं' मध्ये नाही ते चढवायचे, उलटं असेल ते उतरवायचे. चढवायला फॅक्सॲडयूजर, उतरवायला फॅक्सडेलयूजर, दोन्ही हायलाफॅक्सबरोबरच येतात. फाईल हाताने एडिट करण्यापेक्षा ह्या कमांड बऱ्या. प्रत्येक फेरीआधी फाईलची कॉपी घ्यायची ओळ स्क्रिप्टमध्येच टाका, आणि शेवटी परमिशन ६०० आहे का ते तपासायची पण.

पासवर्डचं काय, हे सगळे विचारतात. डिरेक्टरीतून पासवर्ड वाचता येत नाही, कुणालाच नाही, ॲडमिनला पण नाही, म्हणून तो सिंक होणार नाही. मी नवीन माणसाला स्क्रिप्टने बनवलेला वेगळा फॅक्स पासवर्ड देते आणि जुन्यांच्या ओळीला हातच लावत नाही. तुमचं हायलाफॅक्स पॅमचा (लिनक्सची लॉगिन तपासायची सोय) सपोर्ट घालून बनवलेलं असेल तर लॉगिन थेट डोमेनवर तपासता येतं आणि लोकांना एकच पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. पण मग जरा जपून, हा माणूस तोच आहे का आणि ह्या माणसाला फॅक्सची परवानगी आहे का हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पॅम लावून ग्रुपची अट विसरलात तर डोमेनमधला प्रत्येक जण फॅक्स पाठवू शकेल.

अजून एक, नाव उतरवलं तरी त्या माणसाने आधी रांगेत टाकलेले फॅक्स रांगेतच राहतात आणि जातात पण. कुणाला अचानक काढलंय असं असेल तर फॅक्सस्टॅट ला एस फ्लॅग देऊन रांग बघा आणि नको ते फॅक्सआरएम ने काढा.

येणाऱ्या फॅक्सचं वेगळं

येणारा फॅक्स कुणाच्या मेलवर जायचा हे फॅक्सडिस्पॅच नावाच्या फाईलमध्ये ठरतं, कुठल्या लाईनवर आला ते बघून सेंडटू मध्ये पत्ता आणि फाईलटाईप मध्ये पीडीएफ. इथे लोक टीममधल्या आठ जणांचे आठ पत्ते लिहितात आणि मग ते पण सिंक करायच्या मागे लागतात. कशाला? एक्स्चेंज असो की दुसरा मेल सर्व्हर, टीमच्या ग्रुपला एक मेल पत्ता द्या आणि इथे तो एकच लिहा. माणसं आली गेली तर मेल सर्व्हर बघून घेईल, ह्या फाईलला वर्षभर हात लागत नाही.

वेळ लावा

पहिला आठवडा स्क्रिप्ट नुसती बोलकी ठेवा, म्हणजे काय चढवलं असतं आणि काय उतरवलं असतं ते लॉगमध्ये लिहायचं, करायचं काही नाही. रोज सकाळी तो लॉग एचआरवाल्या ताईला दाखवा. आमच्या त्या आठवड्यात चार नावं उतरवायच्या यादीत आली जी ऑफिसात हजर होती, ग्रुपमध्ये टाकायचीच राहिली होती.

मग क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) दर अर्ध्या तासाला. क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या जागांची यादी, तोकडा असतो, टर्मिनलवर चालणारी कमांड तिथे सापडत नाही, म्हणून प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहा, फॅक्सॲडयूजर चा तर नक्कीच. आधीची फेरी अडकलेली असताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक लावा. आणि काहीच बदललं नाही तर मेल नको, नाहीतर रोज ४८ मेल येतात आणि ४९ वा, कामाचा, तुम्ही न वाचता उडवता.

नाव काढलं तरी उतरत नाही अशी तक्रार आली तर लगेच स्क्रिप्टवर जाऊ नका. तुमचं हेड ऑफिस दुसऱ्या गावात असेल आणि नाव तिथल्या डोमेन कंट्रोलरवर काढलं असेल तर ते तुमच्या इथल्या कंट्रोलरवर यायला वेळ लागतो, दोन साईटमधला ठरलेला वेळ कुणी बदलला नसेल तर १८० मिनिटं असतो. तीन तास. म्हणून आमच्या एचआरला सांगून ठेवलंय की वादातून गेलेल्या माणसाचं अकाउंट बडोद्याच्या कंट्रोलरवरच बंद करायचं आणि मला एक फोन करायचा, मी स्क्रिप्ट हाताने चालवते, रांग बघते, मगच तो माणूस लिफ्टपर्यंत पोचतो.